हिरवा खडू, पांढरा खडू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बुद्धिबळाचा पट मांडला की एक प्रश्न कधीच पडत नाही. आपलं कोण आणि समोरचं कोण? पांढऱ्या सोंगट्या माझ्या, काळ्या तुमच्या, विषय संपला. डाव कितीही गुंतागुंतीचा होवो, हत्तीनं चुकून आपल्याच वजिराला मारलं असं होत नाही. सारीपाट घ्या, कॅरम घ्या, सगळीकडे हीच सोय. मांडणाऱ्यानं रंग वाटून दिलेले असतात आणि ते रंग धुक्यात, पावसात, रात्रीच्या अंधारात बदलत नाहीत.

समुद्रावर ही सोय नाही. दहा-बारा मैलांवरून येणारं जहाज म्हणजे क्षितिजावरचा एक करडा ठिपका. निशाण दिसत नाही, नाव तर नाहीच नाही. तो ठिपका मित्राचा की शत्रूचा, हे ठरवायला काही मिनिटं मिळतात. चुकलं तर शेकडो माणसं पाण्यात जातात. आज बोलायचं आहे ते या ओळखीबद्दल. आणि तेही मुख्यतः खऱ्या समुद्राबद्दल नव्हे, तर टेबलावर आणि फरशीवर मांडलेल्या लुटुपुटीच्या समुद्राबद्दल.

युरोप-अमेरिकेत हा मोठ्या माणसांचा एक जुना छंद आहे. टेबलावर निळं कापड अंथरायचं, त्यावर दोन बाजूंची चिमुकली आरमारं मांडायची, फूटपट्टीनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे, आणि ठरलेल्या नियमांनी तोफा डागायच्या. जहाजांचे नमुने अगदी प्रमाणबद्ध असतात. १:१२०० हे जुनं लोकप्रिय माप. दोनशे मीटर लांबीची युद्धनौका या मापानं सतरा सेंटीमीटरच्या आसपास येते. १:३००० या मापानं तीच नौका सात सेंटीमीटरही भरत नाही, माणसाच्या बोटाएवढी. त्यात विसाव्या शतकातली जहाजं बहुतेक सगळी करडी. मग रात्री अकरा वाजता, डाव रंगात आला असताना, एखादा ॲडमिरल चष्मा सावरत नेम धरतो आणि शेजारचा म्हणतो, ‘अहो, ती तुमचीच आहे!’

यावर उपाय बरेच निघाले. कुणी जहाजाच्या पाटाच्या कडेला रंगीत रेघ ओढतं. कुणी मागच्या बाजूला बारीक अक्षरात नाव लिहितं. कुणी एका बाजूला गडद करडा देतं, दुसरीला फिका. कुणी डोलकाठीवर निशाण लावतं, पण ते दिसायला हवं म्हणून एवढं मोठं करतं, की युद्धनौकेवर चादर वाळत घातल्यासारखी वाटते. मग शुद्धतावादी मंडळी नाराज होतात. त्यांचं म्हणणं असं की, खऱ्या कप्तानाला जे दिसत नव्हतं ते तुम्ही खेळाडूला दाखवता; मग लढाई कसली खेळता?

वरवर हा रिकामटेकड्यांचा वाद वाटेल. पण त्यात एक खरी अडचण दडलेली आहे. खेळ चालवायचा तर दोन्ही आरमारं वेगळी ओळखता आली पाहिजेत. आणि खेळातून काही शिकायचं तर ती सहज ओळखता येता कामा नयेत.

खऱ्या आरमारांनी काय केलं ते आधी पाहू. १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईआधी नेल्सननं आपल्या जहाजांच्या डोलकाठ्यांवरची लोखंडी कडी पिवळी रंगवून घेतली, कारण शत्रूच्या जहाजांवर ती काळी असत. तोफांच्या धुरात जहाजाचं अंग झाकलं जातं, निशाण फाटतं, पण डोलकाठीचा वरचा भाग दिसत राहतो. ब्रिटिश आरमारात तेव्हा तांबडा, पांढरा, निळा असे तीन बावटे चालत. त्या दिवशी सगळ्यांनी पांढराच लावायचा, असाही हुकूम होता. किती साधी युक्ती! रंगाचा एक डबा आणि थोडी दूरदृष्टी.

ठीक शंभर वर्षांनी, १९०५ च्या मे महिन्यात, त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचं आरमार जपान्यांपुढे आलं ते काळ्या अंगाची आणि पिवळ्याधमक धुराड्यांची जहाजं घेऊन. जपानी जहाजं करडी. ॲडमिरल टोगोच्या तोफखान्यांना लक्ष्य शोधायला फार कष्ट पडले नाहीत. पण या रशियन आरमाराची त्याहून विलक्षण गोष्ट सात महिने आधीची आहे. १९०४ च्या ऑक्टोबरात बाल्टिक समुद्रातून निघून ते उत्तर समुद्रात आलं होतं. जपान तिथून अर्ध्या पृथ्वीवर. पण वाटेत जपानी टॉर्पेडो-नौका दबा धरून बसल्या आहेत, अशा अफवा त्यांच्या कानांवर घातल्या गेल्या होत्या. २१ ऑक्टोबरच्या रात्री डॉगर बँक या उथळ भागात त्यांना छोट्या नौकांचे दिवे दिसले आणि त्यांनी तोफा सुरू केल्या. त्या नौका होत्या इंग्लंडच्या हल बंदरातल्या मासेमारांच्या. दोन कोळी जागीच ठार झाले, एक नौका बुडाली. गोंधळात रशियनांनी आपल्याच ‘अरोरा’ जहाजावरही गोळे टाकले आणि तिच्यावरच्या पाद्र्याचा जीव गेला. ब्रिटन आणि रशिया यांच्यात त्यावरून युद्ध पेटता पेटता राहिलं.

जाळी टाकून बसलेले कोळी त्यांना जपानी का वाटले? ज्याची भीती मनात आधीपासून असते तेच अंधारात दिसतं. दुर्बीण कितीही चांगली असली तरी ती मनातल्या चित्रावरच रोखलेली असते.

पुढेही हे थांबलं नाही. जुलै १९४० मध्ये पुंता स्तीलोच्या लढाईत इटलीच्या विमानांनी इटलीच्याच जहाजांवर बाँब टाकले. त्यानंतर इटालियन युद्धनौकांच्या नाळेवर तांबडे-पांढरे तिरके पट्टे रंगवले जाऊ लागले. आज इटालियन आरमार घेऊन खेळणाऱ्या हौशी माणसाला हे पट्टे म्हणजे वरदान आहे. टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येतात. १९७१ च्या डिसेंबरात भारताच्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर हल्ला केल्यावर पाकिस्तानी हवाई दलाच्या विमानांनी आपल्याच ‘झुल्फिकार’ या युद्धनौकेवर गोळीबार केला. तिला ते भारतीय नौका समजले. या चुकीची मक्तेदारी कुठल्याच देशाकडे नाही.

१९४१ च्या मे महिन्यातला ‘बिस्मार्क’चा पाठलाग तर ओळखीच्या चुकांनी भरलेला आहे. २४ मे रोजी पहाटे ‘हूड’ या ब्रिटिश युद्धनौकेनं दोन जर्मन जहाजांपैकी पुढच्या जहाजावर तोफा रोखल्या. मोठी ‘बिस्मार्क’ पुढे असणार, असा हिशेब. पण पुढे होती तिच्याहून बरीच लहान ‘प्रिन्झ ऑयगेन’. दोघींची बाह्याकृती दुरून सारखीच दिसे. थोड्याच वेळात ‘हूड’ फुटून बुडाली. १,४१८ जणांतले तिघे वाचले. ती केवळ या चुकीमुळे बुडाली असं म्हणणं बरोबर नाही. पण ते पहिले काही गोळे भलत्या जहाजावर गेले, हेही खरं.

दोन दिवसांनी ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू जहाजावरून टॉर्पेडो घेऊन विमानं उडाली. ढगांतून खाली येताच समोर एक मोठं जहाज. वैमानिकांनी टॉर्पेडो सोडले. ते जहाज ‘बिस्मार्क’ नव्हतं, ब्रिटिशांचंच ‘शेफील्ड’ होतं. ‘बिस्मार्क’वर नजर ठेवायला पुढे पाठवलेलं. ही बातमी वैमानिकांपर्यंत पोचलेलीच नव्हती. ‘शेफील्ड’च्या कप्तानानं तोफा गप्प ठेवल्या आणि जहाज वेडंवाकडं वळवत टॉर्पेडो चुकवले. काही टॉर्पेडो पाण्याला लागताच आपोआप फुटले, म्हणजे त्यांच्यातली चुंबकीय कळ सदोष होती. संध्याकाळच्या दुसऱ्या हल्ल्यात कळ बदलली. त्यांतल्या एका टॉर्पेडोनं ‘बिस्मार्क’चं सुकाणू निकामी केलं, आणि दुसऱ्या दिवशी ती बुडाली. आपल्याच माणसांवर चुकून केलेल्या हल्ल्यानं शत्रूवरचा हल्ला सुधारला! इतिहासात असे विनोद असतात. हसू मात्र येत नाही.

तेव्हा ओळख हा खरा धडा आहे, हे ध्यानात आलं होतं. आणि तो धडा ज्या पुस्तकानं जगभरच्या आरमारांना दिला, ते एका खेळाच्या जोडीनं जन्मलं. फ्रेड जेन हा इंग्रज पत्रकार आणि चित्रकार. त्यानं नौदलाच्या लढाईचा एक खेळ तयार केला. त्यासाठी त्याला प्रत्येक देशाच्या जहाजांची चित्रं, तोफा, चिलखताची जाडी, वेग असं सगळं हवं होतं. ती माहिती जमवून स्वतःच्या रेखाटनांसह त्यानं १८९८ साली पुस्तक छापलं. तेच ‘जेन’चं प्रसिद्ध वार्षिक. पुढे कुठल्याही युद्धनौकेवर ते नसेल तर नवल. धुराडी किती, डोलकाठ्या कुठे, पुढचा भाग उंच की बुटका, यावरून जहाज ओळखायचं, ही त्याची शिकवण. दुसऱ्या महायुद्धात तर १:१२०० मापाची धातूची चिमुकली जहाजं खलाशांना आणि वैमानिकांना ओळख शिकवण्यासाठीच बनवली गेली. युद्ध संपल्यावर त्यांतली कितीतरी हौशी खेळाडूंच्या टेबलावर आली. म्हणजे खेळातून पुस्तक, आणि युद्धशाळेतून पुन्हा खेळणं.

आता रंगांकडे येऊ. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली रायस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्यानं जमिनीवरच्या लढाईचा खेळ रूढ केला. त्यात निळे ठोकळे आणि तांबडे ठोकळे. प्रशियन शिपायांचा गणवेश निळा, म्हणून निळे ते आपले. तिथपासून ‘निळा तो आपला, तांबडा तो शत्रू’ ही चाल जगभरच्या सैन्यांत पसरली. आजही तीच चालते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला नौदलाचं युद्ध महाविद्यालय आहे, १८८४ सालचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकी योजनाकारांनी प्रत्येक देशाला एक रंग दिला. स्वतः निळे. जपान नारिंगी, जर्मनी काळा. आणि तांबडा कोण? ब्रिटन! भाऊबंद म्हणवणारा देश पटावर शत्रूच्या रंगात. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनाही तांबड्याच्याच छटा वाटून दिल्या होत्या. कॅनडा किरमिजी, आणि आपला हिंदुस्थान माणकाच्या रंगाचा. आपण तेव्हा स्वतंत्र नव्हतो, पण दुसऱ्याच्या पटावर आपल्याला एक सुंदर रंग मिळाला होता.

न्यूपोर्टच्या फरशीवर दोन महायुद्धांच्या दरम्यान बहुतेक डाव खेळले गेले ते नारिंगीविरुद्ध. ॲडमिरल निमित्झ यांनी नंतर लिहून ठेवलं की, जपानविरुद्धच्या युद्धात शेवटी आलेल्या आत्मघातकी वैमानिकांखेरीज आश्चर्य वाटावं असं फारसं काही घडलं नाही. सगळं फरशीवर आधीच खेळून झालं होतं. हे खरं असेल. पण मला दुसरी गोष्ट खुणावते. नारिंगी हे नाव दिलं की जपान हे नाव घ्यावं लागत नाही. माणसांचा, गावांचा देश नाहीसा होतो आणि उरतो एक रंग. शाळेत पोरांना खेळवताना हे चालतं. सेनापतींनी खेळताना मात्र रंगामागचा माणूस कसा विचार करतो हे कळलं नाही, तर रंगाचा उपयोग संपतो.

हे ज्यानं सगळ्यांत चांगलं ओळखलं, त्याची हकिकत आता सांगतो. ती लिव्हरपूलची आहे.

१९४२ उजाडलं तेव्हा ब्रिटनचा जीव समुद्रावर टांगलेला होता. अन्न, तेल, लोखंड सगळं अटलांटिक ओलांडून यायचं. व्यापारी जहाजांचे मोठे तांडे निघत, रांगांच्या रांगा. भोवती राखणीला छोट्या युद्धनौका. आणि या तांड्यांवर जर्मन पाणबुड्या, म्हणजे यू-बोटी, तुटून पडत. राखणदारांना एक कोडं सुटत नव्हतं. टॉर्पेडो लागतो, जहाज पेटतं, आपण बाहेरच्या बाजूला समुद्र पिंजून काढतो, आणि पाणबुडी सापडत नाही. जाते कुठे?

जानेवारी महिन्यात गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या अधिकाऱ्याला लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये पाठवण्यात आलं. क्षयरोगामुळे १९३८ साली नौदलानं त्याला निवृत्त केलं होतं. त्याआधी पोर्ट्‌स्मथच्या डावपेचांच्या शाळेत तो लुटुपुटीच्या लढाया शिकला होता. आता त्याला काही खोल्या मिळाल्या आणि नौदलाच्या महिला शाखेतल्या, ‘रेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुण मुली मदतीला मिळाल्या. काही तर जेमतेम विशीच्या. त्यांतली जीन लेडलॉ आकडेमोडीत तरबेज होती, आणि जॅनेट ओकेल हिचं नाव पुढे येईलच. त्यांच्यातल्या बहुतेकींनी समुद्रावरची लढाई पाहिलेली नव्हती.

खोलीची फरशी लिनोलियमची. तिच्यावर चौकटी आखल्या, म्हणजे तोच अटलांटिक. जहाजांचे लाकडी नमुने त्यावर मांडले. पण खेळाडू फरशीभोवती मोकळे उभे राहत नसत. खोलीच्या कडेनं कॅनव्हासचे पडदे लावले होते. खेळायला येत ते खऱ्या राखणनौकांचे कप्तान. त्यांनी पडद्यामागे बसायचं आणि पडद्यातल्या एका फटीतून फरशी पाहायची. खऱ्या जहाजावरून जेवढं दिसतं तेवढंच दिसलं पाहिजे, हा नियम. एका खेपेला दोन मिनिटं. तेवढ्यात समोर काय आहे ते समजून घ्यायचं, आज्ञा लिहायची आणि द्यायची. मग मुली फरशीवर वाकून जहाजं सरकवत आणि त्यांच्या मार्गाची रेघ खडूनं ओढत.

आणि इथं तो खडू येतो. राखणनौकांचा मार्ग पांढऱ्या खडूनं. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूनं. वरून उभं राहून पाहणाऱ्याला दोन्ही रेघा स्पष्ट दिसत. पण पडद्याच्या फटीतून, तिरप्या नजरेला, तपकिरी फरशीवरची हिरवी रेघ दिसतच नसे. दोन्ही आरमारं फरशीवर हजर आहेत, दोघांच्या पाऊलखुणा उमटताहेत, पंचाला सगळं दिसतं आहे, आणि कप्तानाला मात्र फक्त आपल्याच खुणा दिसताहेत. खेळ चालवणाऱ्यांना फरक दिसावा आणि खेळणाऱ्यांना दिसू नये, ही मघाची अडचण एका खडूनं सोडवली.

आमच्याकडे हिरव्या रंगाला लगेच धर्म चिकटतो, भगव्याला चिकटतो, निळ्यालाही काही ना काही चिकटतंच. कवितेत साधं हिरवं रान आणलं तरी कुणीतरी डोळे बारीक करतं. लिव्हरपूलला हिरवा निवडला तो एवढ्याचसाठी, की तो दिसत नाही. रंगाकडे इतक्या कोरड्या व्यवहारानं पाहणारी माणसं मला आवडतात.

रॉबर्ट्सनं सुरुवात केली ती जुन्या लढायांपासून. डिसेंबर १९४१ मध्ये जिब्राल्टरहून निघालेल्या एका तांड्याची लढाई त्यानं फरशीवर पुन्हा मांडली. एक जहाज तांड्याच्या आतल्या बाजूला असताना बुडालं होतं. बाहेरून मारलेला टॉर्पेडो तिथं पोचायला हवा तर पाणबुडी कुठे असायला हवी? मुलींबरोबर तो चाली करून पाहत राहिला आणि एकच उत्तर उरलं: पाणबुडी बाहेर नव्हतीच. ती रात्री, पाण्याच्या पृष्ठभागावरून, मागच्या बाजूनं तांड्याच्या रांगांमध्ये शिरत होती. पृष्ठभागावर तिचा वेग संथ तांड्याहून जास्त. आत शिरायचं, जवळून मारायचं, मग बुडी घेऊन स्तब्ध राहायचं आणि अख्खा तांडा डोक्यावरून निघून जाऊ द्यायचा. राखणदार बाहेर शोधत राहतात. शत्रू त्यांच्याच जहाजांमध्ये, त्यांचंच एक जहाज असल्यासारखा मिसळलेला होता.

मग तोडही निघाली. टॉर्पेडो लागला की राखणनौकांनी बाहेर न पांगता तांड्याच्या मागे जायचं आणि तिथलं पाणी ओळीनं ध्वनियंत्रानं चाळत जायचं. या चालीला जीन लेडलॉनं नाव दिलं ‘रास्पबेरी’. इंग्रजांत ओठ फुर्र करून काढायच्या चेष्टेच्या आवाजाला रास्पबेरी म्हणतात. हिटलरला उद्देशून ती फुर्रर्र होती. लिव्हरपूलचे सरसेनापती ॲडमिरल पर्सी नोबल खेळ पाहायला आले ते काहीशा अविश्वासानं. जाताना त्यांचं मत बदललं होतं.

नोबल यांच्या जागी पुढे मॅक्स हॉर्टन आले. हे स्वतः पहिल्या महायुद्धातले नामवंत पाणबुडी-कप्तान. त्यांनी फरशीवर पाणबुडी चालवायला घेतली. सांगतात ते असं, की लागोपाठ पाच वेळा त्यांची पाणबुडी बुडाली, आणि बुडवणारी पडद्यामागे होती जॅनेट ओकेल. ॲडमिरलसाहेब आधी चिडले, असंही सांगतात. ते मला खोटं वाटत नाही.

पण मला त्या खोलीतला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण दुसराच वाटतो. डाव संपला की कप्तानांना पडद्याबाहेर बोलावत. आता ते फरशीवर येऊन उभे राहत आणि वरून पाहत. खालची हिरवी रेघ पहिल्यांदा दिसे. आपण जिथं शोधत होतो तिथं ती नाही. जिथून आपण दोनदा पाठ फिरवून गेलो, तिथूनच ती गेलेली आहे. कधी कधी आपल्याच दोन रांगांच्या मधून, शांतपणे. अटलांटिकवर ज्यांची जहाजं बुडाली त्यांना हा नकाशा कुणी दाखवला नव्हता. युद्ध संपेपर्यंत जवळजवळ पाच हजार अधिकारी या फरशीवरून गेले.

एप्रिल-मे १९४३ मध्ये ओएनएस ५ या तांड्यावर चाळीसहून अधिक पाणबुड्या चालून आल्या. डझनभर व्यापारी जहाजं गेली, पण सहा पाणबुड्याही गेल्या. त्या एका महिन्यात जर्मनांच्या चाळीसच्या वर पाणबुड्या बुडाल्या आणि २४ मे रोजी ॲडमिरल डोनित्झनं उत्तर अटलांटिकमधून आपला कळप मागे घेतला. याचं श्रेय एकट्या खडूला देणं भाबडेपणाचं होईल. रडार सुधारलं होतं, लांब पल्ल्याची विमानं आली होती, सांकेतिक संदेश फोडले जात होते. पण ही सगळी साधनं हाताशी असून कुठे पाहायचं हे कळायला लागतं. ते त्या फरशीनं शिकवलं.

त्या फरशीवर तिसऱ्या प्रकारची जहाजंही होती, आणि त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला हा विषय सोडवत नाही. तांड्यातली व्यापारी जहाजं. डाव राखणदाराचा आणि पाणबुडीचा. ही मधली जहाजं ठरल्या वेगानं सरळ पुढे सरकायची. त्यांनी पळायचं नाही, मारायचं नाही. फक्त पोचायचं किंवा बुडायचं.

या जहाजांवर कोण होतं? महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या खलाशांत साधारण चौथा हिस्सा हिंदुस्थानी होता. डेकवर गुजरातचे आणि आमच्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, इंजिनाच्या भट्टीपुढे सिल्हेटचे आणि पंजाबचे, भटारखान्यात आणि जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. सारंग आणि टंडेल हे आपल्या किनाऱ्यावरचे शब्द इंग्रजांच्या जहाजी दप्तरांत त्यांच्यामुळेच गेले. पगार गोऱ्या खलाशाच्या मानानं फारच थोडा. १९३९ साली युद्ध सुरू होताच त्यांनी ब्रिटनच्या बंदरांत संप केला, काही तुरुंगातही गेले. मग पगार थोडा वाढला आणि ते पुन्हा जहाजांवर चढले.

‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज सप्टेंबर १९४० मध्ये याच लिव्हरपूलहून कॅनडाला निघालं. बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी पाठवलेली नव्वद मुलं त्यावर होती. १७ सप्टेंबरच्या रात्री यू-४८ या पाणबुडीनं ते बुडवलं. त्या मुलांतली सत्त्याहत्तर गेली. शंभरावर हिंदुस्थानी खलाशी गेले. जहाजावर मुलं आहेत हे आपल्याला माहीत नव्हतं, असं पाणबुडीच्या कप्तानानं युद्धानंतर सांगितलं. त्याला दिसली होती ती अंधारातली एका मोठ्या जहाजाची बाह्याकृती. ती त्यानं बरोबर ओळखली होती: शत्रूचं जहाज. डॉगर बँकवर चूक झाली होती. इथं झाली नव्हती.

डर्बी हाउसच्या तळघरात आता संग्रहालय आहे. आणि ज्या हिंदुस्थानी खलाशांना समुद्राखेरीज कबर नाही, त्यांच्या नावांची एक वही आहे. सहा हजारांहून जास्त नावं. तिची एक प्रत मुंबईत आहे आणि दुसरी चितगावला. चितगाव १९४७ साली पाकिस्तानात गेलं आणि १९७१ साली बांगलादेशात. वहीतली नावं दोन्हीकडे तीच आहेत.